वर आल्यावरचे पंधरा सेकंद

तो नियम मीच लिहिला होता, हे आधीच कबूल करून टाकते. माझ्याच अक्षरात, दवाखान्यातल्या जुन्या तक्त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर. "पाण्याबाहेर डोके काढल्यावर पंधरा सेकंदांच्या आत एक हात वर करून, पंचांना ऐकू येईल अशा आवाजात 'मी बरी आहे' किंवा 'मी बरा आहे' असे म्हणणे बंधनकारक. न म्हटल्यास वेळ बाद. या पंधरा सेकंदांत स्पर्धकास कोणीही हात लावू नये, काही सुचवू नये." खाली दोन रेघाही मारल्या होत्या. रेघा मारायची मला वाईट खोड आहे.

मी सिंदेवाहीकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पंचेचाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमचे डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. म्हणून सुटीच्या दिवशी बसने चंद्रपूरला जलतरण तलावावर जायला लागले. घरचे हसले. दवाखान्यातल्या बायका तर तोंडावर हसल्या. "सिस्टर आता मासोळी होऊन राह्यली," म्हणाल्या. मी म्हटलं, हसा बायांनो, हसायला पैसे पडत नाहीत. तिथल्या पोहणं शिकवणाऱ्या सरांनी मला एक वेगळंच वेड लावलं. पाण्यावर पालथं पडायचं, तोंड पाण्यात, अंग सैल, आणि श्वास रोखून धरायचा. बस. हातपाय हलवायचे नाहीत. आयुष्यभर धावपळ केलेल्या बाईला काहीच न करण्याची स्पर्धा असते हे कळलं, आणि मला ती फारच आवडली.

दर आठवड्याला चंद्रपूर परवडेना, म्हणून गावच्या तलावात सराव सुरू केला. तिथेच माझी नि तिची ओळख झाली. ओळख कसली, मारामारीच. सकाळी अकराच्या सुमाराला मी छातीभर पाण्यात पालथी पडून मनात आकडे मोजत होते. दवाखान्यातल्या शिपाईकाकांना काठावर राखणीला बसवलं होतं, ते विडी आणायला गेले. एवढ्यात कुणीतरी माझी वेणी धरली आणि मला फरफटत काठावर आणून आपटलं. डोळे उघडून बघते तर एक तिशी-पस्तिशीची बाई, लुगड्याचा काचा मारलेला, माझ्या छातीवर बसायच्या बेतात.

"मरासाठी आमचाच तलाव सापडला का तुले?" ती ओरडली.

"अगं बये, मी सराव करत होते!"

"मराचा?"

मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीही काही कमी नव्हती. शेवटी दोघींना धाप लागली आणि दोघी हसायला लागलो. त्या दिवसापासून ती माझी मैत्रीण.

ती ढिवराघरची, म्हणजे मासेमारांच्या घरची सून. तलावात जाळं खुंटाला अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं काम तिचं. कमळाचे कांदे काढायचे ते तिनेच. मी तिला घड्याळ लावून श्वास रोखायला सांगितला तर पहिल्याच दिवशी तीन मिनिटांच्या वर गेली. मी चार महिने झिजून दीड मिनिटावर होते. सरळ सांगते, मला तिचा राग आला होता.

आणखीही एक काम तिच्याकडे होतं, ते तिने मला फार दिवसांनी सांगितलं. तलावात कुणी बुडालं की शोधायला तीच जायची. पूर्वी तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, जात. त्यांचे कान पाण्याने गेले, तेव्हापासून ती. पण फोन यायचा भासऱ्यांना, कारण मच्छीमार संस्थेचे प्रमुख ते. त्यांना फोन ऐकू यायचा नाही. मग कुणीतरी सायकलवर घरी यायचं, ती शेतावर असायची, मग शेतावर. तोवर तास गेलेला. कागदावर नाव भासऱ्यांचं लागायचं.

"नाव लागो न लागो जी," ती म्हणाली. "पण सिस्टर, मले नेहमी नंतरच काऊन बोलावते? आधी बोलावलं त एखादा जिता निघन ना!"

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तेवढ्यात तालुक्याला बचाव पथक करायचं ठरलं. पाण्यात उतरू शकणाऱ्यांची यादी, प्रत्येकाचा फोन नंबर, वर प्रशिक्षण. कुणी बुडालं की यादीतल्याला थेट फोन. आमच्या भागातून तीन पुरुष आणि एक बाई घ्यायची होती. नावं द्यायला झुंबड उडाली. ज्यांना घोट्याएवढ्या पाण्यात भोवळ येते तेही म्हणाले, आम्ही पट्टीचे पोहणारे. तेव्हा मी यादी करणाऱ्या साहेबांना म्हटलं, साहेब, स्पर्धाच घेऊ ना. बघू कोणाचा दम किती. साहेब खूश झाले. म्हणाले, घ्या, मी स्वतः यादी घेऊन येतो.

आणि मी फसले. स्पर्धा घेते म्हणणं सोपं असतं! परवानग्या, दोऱ्या, बांबू, मंडप, दवाखान्याची गाडी, सगळं माझ्याच गळ्यात. गावात आधी अफवा उठली की जादूचे प्रयोग आहेत. मग उठली की योगवाले येऊन राह्यले. एक आजी मला रस्त्यात अडवून म्हणाली, "श्वास कोंडते म्हंते, पोरी? अन् सुटला नाई तं?" प्रश्न बरोबर होता. म्हणूनच तर मी तो नियम लिहिला होता. श्वास रोखणाऱ्याचा घात पाण्याखाली होतो असं लोकांना वाटतं. पुष्कळदा तो वर आल्यावर होतो. माणूस डोकं काढतो, हसतो, आणि हसता हसता शुद्ध जाते. म्हणून वर आलेल्याने हात उचलून, बोलून दाखवायचं की मी शुद्धीवर आहे.

मैत्रिणीला हे पटवताना माझ्या नाकी नऊ आले. "वर आली म्हंजे बरीच आहो ना?" ती म्हणायची. "मेलेलं काई हात वर करते का?" पण शिकली. तीन आठवडे आम्ही दोघीच रोज सराव केला. एकीने पालथं पडायचं, दुसरीने शेजारी उभं राहायचं, एकटीने कधी नाही. ती वर आली की हात उचलून माझ्या कानाशी म्हणायची, "मी बरी आहो." वीसदा, तीसदा. एकदाही चुकली नाही.

भासऱ्यांनी तलाव दिला. दोन दिवस जाळी बंद ठेवली, पाण्यात फिरायला दोन डोंगे दिले, घाटाजवळचं गवत स्वतः उभं राहून काढून घेतलं. पांढऱ्या मिशा, अंगात बंडी, बोलणं मोजकं. मी आभार मानले तर त्यांना ऐकूच गेले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी धान निघून गेलं होतं, शेताच्या बांध्या मोकळ्या होत्या, ऊन छान होतं. अख्खं गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर. पंच म्हणून चंद्रपूरचे आमचे पोहण्याचे सर. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात पांढरी आणि लाल पाटी, आणि चेहरा असा की सख्ख्या बापालाही लाल दाखवतील. माईकवर वडशाच्या नाटक मंडळीतला एक गडी आणला होता. ती माझी चूक. स्पर्धक बिचारा पाण्यात निपचित पडलेला, आणि हा वरून, "आता काळ थांबला आहे! वारा थांबला आहे!" पब्लिक मोठमोठ्याने आकडे मोजायला लागलं. एक कॉलेजातला मुलगा पाण्याखालून ऐकून, संपलं समजून एक मिनिटातच वर आला आणि पब्लिकशी भांडायला लागला. मी डोंग्यातून उडी मारून काठावरच्या मंडपात गेले आणि त्या गड्याच्या हातातून माईक ओढून घेतला. "काळबीळ काही थांबला नाही," मी म्हटलं, "तुम्ही मात्र थांबा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर शांतता पाळली, हे खरं.

पुरुषांचं आटोपलं. आम्ही बायका चौघी. दोन जणी दीड मिनिटाच्या आत वर आल्या. मग मी उतरले. आयोजकानेच स्पर्धेत उतरायचं नाही असा नियम मी काही लिहिला नव्हता. छाती लोहाराच्या भात्यागत आत-बाहेर व्हायला लागली, तरी धरून ठेवलं. दोन मिनिटं चौतीस सेकंद. हात वर, "मी बरी आहे!" पांढरी पाटी. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं. काठावर दवाखान्यातल्या त्याच बायका ओरडत होत्या. काय वाटलं म्हणून सांगू!

मग ती. लुगडं घट्ट खोचलेलं, पदर कमरेला आवळलेला. पालथी पडली आणि पाण्यावर पान पडावं तशी राहिली. दोन मिनिटं. अडीच. तीन. मी शेजारी राखणीला उभी होते. तीन मिनिटं एकवीस सेकंदांना तिने डोकं काढलं, दोन मोठे श्वास घेतले, डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि काठाकडे पाहिलं.

तिचा हात उचलला गेला. पण वर नाही. तो गेला कमरेकडे. तिने खोचलेला पदर उपसला, पिळलासुद्धा नाही, तसाच गळता डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मी मनातल्या मनात ओरडत होते. बोल! अगं बोल! पण सुचवायचं नाही असं लिहिणारी मीच. सरांनी घड्याळ पाहिलं. पंधरा. लाल पाटी.

आणि आता खरं ते सांगते. त्या क्षणी मला आनंद झाला. एका क्षणापुरता, पण झाला. कारण आता पहिली मी होते, आणि यादीतली जागा माझी. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

ती धानाच्या तणसाच्या ढिगाआड जाऊन बसली होती. मी तावातावाने गेले. "काय केलंस हे? तीस वेळा घोकून घेतलं ना तुझ्याकडून?"

"भासरे होते ना समोर!" तीही भडकली. "त्याहीच्यासमोर उघड्या डोक्यानं उभी राहू? अन् वरून वरडू?"

"अगं, तू बेशुद्ध नाहीस हे दाखवायची रीत आहे ती!"

"बेशुद्ध असती त पदर घेतला असता का मी?"

मी तिच्या शेजारी तणसावर बसले.

तिची मोठी जाऊ कोरडा टॉवेल घेऊन आली होती. तिने मला समजावून सांगितलं, नर्स असून एवढं कसं कळत नाही अशा आवाजात. भासऱ्याशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नसतं. समोर आले तर डोक्यावर पदर. चौदा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. पण बुडी मारायला हिला शिकवलं त्यांनीच! कसं? ते काठावर पाठमोरे बसून आपल्या बायकोला सांगायचे, "तिले म्हण, कान दुखला की वर ये." आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या हिला जाऊ सांगायची, "कान दुखला की वर ये." अख्खी विद्या अशी जावेमार्फत आली होती.

आमच्या घरी ही रीत नाही. माझे मोठे दीर आणि मी चहावरून रोज भांडतो. म्हणून तीन आठवडे त्या रिकाम्या घाटावर घोकून घेताना काठावर कोण उभं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तिच्याही आलं नाही, कारण तिथे तेव्हा फक्त मीच असायचे.

"दुसरी फेरी आहे," मी म्हटलं. दोन संधी, त्यातली चांगली धरायची, हेही मीच लिहिलं होतं. "उतर पुन्हा. मी त्यांना घरी पाठवते."

"त्याहीचा तलाव हाय. त्याहीले घरी धाडता?" ती रडकुंडीला आली होती. "जाऊ द्या सिस्टर. तुमी आहा ना पयल्या. तुमचं नाव द्या."

हे ऐकून मला माझाच असा संताप आला की मी ताडताड भासऱ्यांकडे गेले. हळू आवाजात सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांना ऐकू येईना.

"भाऊ, ती तुमच्यामुळे बाद झाली!"

"काय?"

"तुमच्यामुळे! पदर घेत बसली! बोलली नाही! म्हणून बाद!"

तिसऱ्यांदा मी इतकी ओरडले की पाळीच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, आणि चालू लागले. झालं, मी मनात म्हटलं, आता जाळी परत टाकायला सांगतील. स्पर्धा गेली, मैत्रीण गेली, तोंडाचा पट्टा तेवढा राहिला.

दुसऱ्या फेरीत पुन्हा उतरण्याएवढं माझ्यात उरलं नव्हतं. तिचं नाव पुकारलं, तर ती येईना. शेवटी जावेने तिला दंडाला धरून घाटापर्यंत आणलं. तेव्हा मी वर पाहिलं. भासरे गेले नव्हते. आपल्याच जागेवर परत येऊन उभे होते, फक्त तोंड बांध्यांकडे, पाठ तलावाकडे. त्यांच्या शेजारी तिचे चुलतसासरे होते, त्यांनी हे पाहिलं आणि तेही फिरले. मग आणखी एक. मग मानाने तिचे मोठे लागणारे असे सगळेच, सात-आठ म्हातारे, ओळीने पाठ करून उभे राहिले. एवढी छान स्पर्धा, आणि बिचारे बघत होते धानाची धसकटं.

ती पालथी पडली. ती थकलेली होती, मला दिसत होतं. दोन मिनिटांनाच तिचं पोट आत ओढलं जायला लागलं. दोन वीस. माझ्या मनात आता दुसरं काही नव्हतं, फक्त धर, बाई, धर. दोन चौतीस झाले, माझा आकडा मागे पडला आणि माझा जीव भांड्यात पडला. दोन पन्नासला ती वर आली.

हात सवयीने कमरेकडे गेलाच. पदराचं टोक मुठीत आलं. तिने काठाकडे पाहिलं. सगळ्या पाठीच पाठी. क्षणभर ती तशीच थांबली, सर घड्याळ बघत होते, आणि मग पदराच्या टोकासकट तो हात वर गेला.

"मी बरी आहो," ती पुटपुटली. सरांनी कान पुढे केला, पण पाटी उचलली नाही. तिने पुन्हा श्वास घेतला आणि असा आवाज काढला की पाळीवरचे बगळे उडाले. "मी बरी आहो!"

पांढरी.

त्यानंतर काय गोंधळ झाला ते सांगत नाही. मी रडले, एवढं पुरे. साहेब यादी घेऊन घाटाच्या पायरीपर्यंत आले, पेन काढलं आणि म्हणाले, "हं बाई, पूर्ण नाव?" ती अंगावर टॉवेल गुंडाळून उभी होती. तिने जावेच्या कानाला तोंड लावलं. जावेने सांगायला तोंड उघडलं.

"तिले सांगू दे."

भासरे बोलले होते. अजून पाठमोरेच, मान जरा वळवलेली. जाऊ थांबली. मग ते म्हणाले, या वेळी जावेला नाही, "जोरानं सांग, माय. मले आइकू आलं पायजे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघतेस काय!

तिने नाव सांगितलं. मोठ्याने, आडनावासकट. साहेब लिहीत होते. मग त्यांनी फोन नंबर विचारला. तोही तिने सांगितला, एकेक आकडा सुटा करून, दहाच्या दहा, आणि प्रत्येक आकड्याला भासरे, पाठमोरेच, मान हलवत होते.